पाचवा फाऊल

दर वर्षी दिवाळीच्या सुट्टीत बास्केटबॉलच्या नव्या पंचांचा वर्ग भरतो आणि दर वर्षी मला तिथे बोलायला बोलावतात. मी म्हातारा आहे, रागीट आहे, तासभर बोलतो आणि चहा पिऊन जातो, एवढं त्यांना पुरतं. समोर वीस-पंचवीस पोरं-पोरी कोऱ्या शिट्ट्या गळ्यात अडकवून बसलेली असतात. त्यांचे प्रश्न ठरलेले. दोघं एकमेकांवर आदळले तर चूक कोणाची, हे क्षणात कसं ठरवायचं? बाकावर बसलेला कोच ओरडायला लागला तर काय करायचं? मी उत्तरं देतो. बॉल बघू नका, पाय बघा. बाकाशी हुज्जत घालू नका, समज द्या, ऐकलं नाही तर टेक्निकल फाऊल द्या. पोरं वहीत लिहून घेतात. हे सगळं खरं आहे आणि यातलं काहीही माझं नाही. ज्यानं मला हे शिकवलं त्याच्याशी मी कसा वागलो, ते मी त्या वर्गात कधीच सांगितलेलं नाही. तेवढं धैर्य नाही. कागदावर जरा सोपं जातं.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी कराडला एका शाळेत पी.टी.चा मास्तर होतो. माझं गाव सांगली जिल्ह्यातलं, नोकरी सातारा जिल्ह्यातली. त्यामुळे सातारकर मला सांगलीचा समजायचे आणि सांगलीकर साताऱ्याचा. पंचासाठी ही सोय चांगली, असं मला वाटायचं. तेव्हा मला बऱ्याच गोष्टी चांगल्या वाटायच्या.

मला शिट्टी हातात दिली ती शिराळ्याकडच्या एका निवृत्त हवालदारानं. बास्केटबॉल तो पलटणीत शिकला होता. पेन्शनवर आल्यावर उसाची शेती भावांवर सोडली आणि सांगलीत एका तालमीच्या मागच्या मोकळ्या जागेत त्यानं कोर्ट आखलं. मुरूम टाकून रोलर फिरवला, फक्कीनं रेषा मारल्या आणि बैलगाडीच्या चाकाची जुनी लोखंडी धाव लोहाराकडून वळवून घेऊन तिची रिंग केली. त्या रिंगला बॉल लागला की शेजारच्या गल्लीत ऐकू जायचं. तालमीतल्या पैलवानांनी त्याला वस्ताद म्हणायला सुरुवात केली, मग सगळेच म्हणायला लागले. आमच्याकडे शिकवणाऱ्याला दुसरा शब्द सुचत नाही.

मी त्यांच्याकडे खेळायला गेलो होतो. महिनाभर बघून ते म्हणाले, "गड्या, तुला खेळता येत न्हाई. पर तुला दिसतंय बरं. तू शिट्टी घे." मला राग आला होता. पण त्यांचं खरं होतं.

त्यांची शिकवायची तऱ्हा मी पुढे कुठेच पाहिली नाही. कोर्टाच्या कडेला दोन बांबू रोवून त्यावर गोणपाट ताणायचे, जमिनीपासून गुडघाभर जागा सोडून. मला त्यामागे उकिडवा बसवायचे. पलीकडे पोरं खेळायची आणि मला फक्त पाय दिसायचे. कोणी आदळलं की वस्ताद विचारायचे, "कुनाचं?" मी पायांवरून सांगायचं. ज्यानं पाय आधी जागेवर रोवले, जागा त्याची. ज्याचे अजून सरकत होते, चूक त्याची. चुकलो की पुन्हा उकिडवं. मांड्या भरून यायच्या, बसमध्ये चढताना दांडा धरून वर ओढून घ्यावं लागायचं. "बॉल बगाया गाव आलंय," ते म्हणायचे, "तू पाय बग. पाय खोटं बोलत न्हाईत." सहा महिन्यांनी मी गोणपाटाशिवायही फक्त पायच बघायला लागलो. अजूनही लग्नात, बाजारात माणसं भेटली की माझी नजर आधी खाली जाते. बायकोला ते फार खटकायचं.

बाकाबद्दलही त्यांचं एकच सूत्र होतं. "बाकावरनं कोन बोललं तर पैल्यांदा डोळ्यानं सांग. दुसऱ्यांदा तोंडानं. तिसऱ्यांदा शिट्टीनं. बाकावर मी आसलो तरी." आणि आणखी एक. मी दर वेळी कोर्टावर आलो की त्यांच्या पाया पडायचो, तालमीतली पद्धत तीच. माझी पहिली मोठी मॅच ठरली तेव्हा त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "आता कोर्टावर माझ्या पाया पडायचं न्हाई. घरी ये, म्हातारीच्या पड, माझ्या पड, चार डाव पड. कोर्टावर पंचाला गुरू नसतुय." मी मान हलवली. मान हलवायला काय लागतं?

त्यांच्याकडे तासगावकडचा एक पोरगा खेळायचा. बाप दुसऱ्याच्या द्राक्षबागेत कामाला होता. पोरगा सहा फुटांच्या वर, अंगानं काटकुळा, पण उडी अशी की रिंगच्या लोखंडाला हात लावून खाली यायचा. त्याला सैन्यात जायचं होतं. भरतीच्या रांगेत दोनदा उभा राहिला आणि दोन्ही वेळा छातीच्या मापात कमी पडून परत आला. वय निघून चाललं होतं. वस्तादांनी त्याला तीन वर्षं घडवलं आणि मग आपल्या जुन्या पलटणीत पत्र टाकलं की पोरगा येऊन बघा, खेळाडू म्हणून घेण्यासारखा आहे. तिकडून उत्तर आलं. एक सुभेदार सुट्टीवर साताऱ्याला येणार होता, तो जिल्ह्यांच्या स्पर्धेची फायनल बघेल आणि एक पोरगा निवडेल. फायनल साताऱ्याला, सातारा विरुद्ध सांगली, आणि पंच मी.

वस्तादांनी मला यातलं अक्षरही सांगितलं नव्हतं. पंचाच्या कानावर घालायची ती गोष्ट नव्हे, हे त्यांना कळत होतं. मला सांगितलं सांगलीच्या बास्केटबॉल संघटनेच्या चिटणिसानं, मॅचच्या आधी, खांद्यावर हात ठेवून. "तेवढं ध्यानात असू द्या," म्हणाला. आता मी त्या पोराच्या बाजूनं काहीही दिलं तरी ते सांगण्यावरून दिलेलं ठरणार होतं.

आदल्या वर्षी दुष्काळात कोर्टावर पाणी मारायला मिळालं नव्हतं, त्यामुळे शाळेचं ते मैदान घासून घासून काचेसारखं झालं होतं. दोन्ही संघांसाठी वर्गातले बाक बाहेर काढून ठेवले होते. दुपारचे चार वाजले होते. किल्ल्याच्या बाजूनं वारा येत होता आणि फक्कीच्या रेषा अर्ध्या उडून गेल्या होत्या. माणसं मैदानाच्या कडेला, शाळेच्या पायऱ्यांवर, भिंतीवर बसली होती. पंचांची ओळख करून देण्यात आली, नारळ देण्यात आले. माझ्याबरोबरचा दुसरा पंच कोल्हापूरचा, वयानं मोठा आणि पायानं जड. तो सगळं माझ्यावर सोडून देणार हे दिसतच होतं.

तेवढ्यात वस्ताद आपला संघ घेऊन मैदानात आले. सगळ्या सांगलीकरांच्या नजरा माझ्यावर. मी पाया पडलो नसतो तर शेफारला म्हणाले असते. पण खरं कारण ते नव्हतं, हे आज लिहायला हरकत नाही. चार माणसांत नम्र दिसायची मला हौस होती. मी सरळ चालत गेलो आणि वाकलो. वस्तादांनी पाय मागे घेतला. "काय करतूयास," ते ओठांतल्या ओठांत म्हणाले. तोवर माझा हात त्यांच्या चपलेला लागलेला होता. पायऱ्यांवरून कोणीतरी सातारकर मोठ्यानं म्हणाला, "चेला हाय वो त्यांचा," आणि लोक हसले.

त्यानंतरची चाळीस मिनिटं मी एकच काम केलं. आपण वाकलो नव्हतो, हे लोकांना पटवून दिलं.

पहिल्या दहा मिनिटांत त्या पोराचे दोन फाऊल झाले. दोन्ही खरे. तिसराही खरा, जरा बारीक धरला, पण खरा. बास्केटबॉलमध्ये पाच फाऊल झाले की खेळाडू बाहेर, हे वाचकांपैकी कोणाला माहीत नसेल तर सांगतो. दुसऱ्या बाजूनं सातारच्या पोरांनी त्याला कोपरं मारली ती मला दिसली आणि मी ती सोडून दिली. वस्ताद बाकावरून उठले. "त्ये न्हाई दिसलं व्हय?" म्हणाले. सूत्राप्रमाणे मी त्यांच्याकडे बघायला हवं होतं. मी बॉलकडे बघितलं.

थोड्या वेळानं पुन्हा, जरा मोठ्यानं. तोंडानं समज द्यायची वेळ. मी ऐकलंच नाही असं केलं. त्यांचंही चुकत होतं, हे मी लपवणार नाही. आयुष्यभर दुसऱ्यांना बाकावर गप्प बसायला शिकवलेला माणूस त्या दिवशी आपलंच शिकवणं विसरला होता. तीन वर्षांची मेहनत डोळ्यांसमोर वाया जाताना दिसत होती, दुसरं काय होणार? पण म्हणूनच माझी गरज होती. माणूस स्वतःला आवरू शकत नाही तेव्हा पंचानं त्याला आवरायचं असतं. मी आवरलं असतं तर ते तिथल्या तिथे शांत झाले असते. उलट खूश झाले असते, असं मला आज वाटतं.

हाफटाइमच्या जरा आधी मी त्या पोराला चौथा फाऊल दिला. हा खरा होता की खोटा, हे मी आजही छातीठोकपणे सांगू शकत नाही. वस्ताद उभे राहून ओरडले, "पंचानं डोळं कराडलाच ठेवल्यात रं." सगळं मैदान हसलं. ही तिसरी वेळ. शिट्टी माझ्या ओठांत होती. बाकावर टेक्निकल म्हणजे समोरच्या संघाला फ्री थ्रो, गेला असता तर एखादा गुण गेला असता. माझ्यानं ते झालं नाही. अर्ध्या तासापूर्वी ज्याच्या पायाला हात लावला त्याच्याकडे बोट करून शिट्टी कशी फुंकायची? मी रुमालानं मान पुसली आणि खेळ पुढे चालू केला.

हाफटाइमनंतर सुभेदार आला. पायऱ्यांवर त्याला खुर्ची दिली. वस्तादांनी पोराला बाकावर बसवून ठेवलं होतं, चार फाऊल घेऊन त्याला इतक्यात उतरवणं शक्य नव्हतं. त्यामुळे सुभेदारानं आधी बघितलं ते काय, तर बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसलेला एक उंच पोरगा.

स्कोअररच्या टेबलापाशी सातारचा कोच माझ्याजवळ आला. कॉलेजात शिकवणारा, इस्त्रीच्या कपड्यातला, बोलायला गोड. "सर, त्यांच्या बोलण्यावर खरं म्हणजे केव्हाच टेक्निकल व्हायला हवं होतं," तो म्हणाला. "पण तुमची अडचण कळते. गुरूंना कसं देणार?" आणि माझ्या दंडावर थोपटून गेला. बाकीचं सगळं मी सहन केलं असतं. ते थोपटणं सहन झालं नाही. मला तेव्हाच लाज वाटली आणि लाजेचा राग झाला, आणि तो राग बाहेर पडायला जागा शोधत राहिला.

शेवटची आठ मिनिटं उरली तेव्हा वस्तादांनी पोराला उतरवलं. सांगली चार गुणांनी मागे होती. त्यानं आल्याआल्या एक बास्केट केली, मग रिंगखाली दोघांच्या डोक्यावरून बॉल काढून दुसरी केली. बरोबरी झाली. सुभेदार खुर्चीत पुढे सरकून बसला, हे मला दिसलं. मग पोरगा पुन्हा बॉल घेऊन आत घुसला. सातारचा एक गडी आडवा आला. दोघं आदळले, सातारचा गडी पाठीवर पडला, बॉल रिंगमधून खाली आला.

मला पाय दिसले होते. हे मी शपथेवर सांगतो. सातारच्या त्या गड्याचे पाय सरकत होते, उजवा तर अजून हवेत होता. आमच्या पोराचे पाय सरळ होते, जागा त्याची होती. गोणपाटामागे सहा महिने बसून मी जे शिकलो होतो ते सगळं त्या एका क्षणात मला स्वच्छ दिसलं. बास्केट मोजायची आणि फाऊल सातारच्या गड्याला द्यायचा. आणि त्याच क्षणी बाकावरून वस्तादांचा आवाज आला, "आता तरी बग रं."

मी शिट्टी फुंकली आणि बोट पोराकडे केलं. धक्का त्याचा. बास्केट रद्द. पाचवा.

सातारकरांनी टाळ्या पिटल्या. मी बाकाकडे बघितलं. पहिल्यांदाच, त्या सबंध मॅचमध्ये. आता वस्ताद शिव्या देतील आणि मग मी टेक्निकल देईन, इतका मी त्या वेळी तयार होतो. पोरगा हात खाली सोडून उभा होता. वस्ताद आत येऊन त्याला खांद्याला धरून घेऊन गेले, त्याच्या अंगावर टॉवेल टाकला आणि शेवटपर्यंत बाकावर हात बांधून बसले. इतका शांत बाक मी पुढे कधी बघितला नाही.

सांगली हरली. सुभेदारानं सातारचा तोच आडवा आलेला गडी निवडला. माणूस चांगला होता, पुढे पलटणीकडून बरीच वर्षं खेळला असं ऐकलं.

लोक पांगल्यावर मी बूट सोडत पायरीवर बसलो होतो तेव्हा वस्ताद समोर येऊन उभे राहिले. मला आधी त्यांच्या चपला दिसल्या. "बोललो मी," ते म्हणाले. "लय बोललो. शिट्टी माझ्यावर फुकायची हुती रं. पोरावर का फुकलीस?" आवाजात राग नव्हता, खरंच विचारत होते. मी म्हणालो, "वस्ताद, मला धक्का दिसला." त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. मग मान हलवली आणि गेले. आम्ही एकमेकांशी बोललो ते तेवढंच. त्यांच्या घरी मी पुन्हा गेलो नाही. काही वर्षांनी ते गेल्याचं कळलं तेव्हा शाळेत परीक्षा चालू होती. सुट्टी मागितली असती तर मिळाली असती.

मी मात्र वर चढत गेलो. त्या फायनलनंतर माझं नाव झालं. आपल्या गुरूच्या संघालाही सोडलं नाही, असा कडक पंच. मोठ्या मॅचेस मिळायला लागल्या. कौतुक करणाऱ्यातल्या एकानंही कधी विचारलं नाही की मग बाकावरून ओरडणाऱ्या गुरूला का सोडलं.

सत्तरचं दशक संपत आलं होतं तेव्हा शालेय स्पर्धांसाठी तासगावला गेलो. यजमान शाळेच्या हेडमास्तरांनी दुपारी एका ओळखीच्या बागेत नेलं. द्राक्षं काढायला आली होती, बाया पेट्यांमध्ये कागदाचे तुकडे अंथरत होत्या. मांडवाखालून एक माणूस कमरेत वाकून चालत बाहेर आला आणि उभा राहिला, तो उभा राहतच गेला. तोच. मांडव त्याच्या डोक्याला लागत होता, त्यामुळे दिवसभर त्याला असंच वाकून काम करावं लागत असणार. पाठीला थोडा बाक आलेला दिसत होता. त्यानं मला ओळखलं, हात पँटला पुसले आणि सगळ्यांसमोर माझ्या पाया पडला. मला पाय मागे घेता आला नाही.

हेडमास्तर पुढे गेले. तो घुटमळला. "सर, एक इचारू का? रागवू नका," म्हणाला. "त्यो पाचवा फाऊल. वस्तादास्नी मी लय डाव इचारलं. त्ये कवाच काय बोललं न्हाईत तुमच्याबद्दल. म्हनायचं, पंचानं दिला म्हंजी तुजाच हुता, तुजं पाय चुकलं आसत्याल. मरंस्तवर त्येच म्हनलं." मग तो सरीतल्या मोकळ्या मातीत उभा राहिला. सवयीनं वाकूनच. दोन पावलं टाकली, तिसऱ्यावर थांबला. तीच पावलं. एवढ्या वर्षांत एकही विसरला नव्हता. "असा आलो, हितं उजवा, हितं डावा. आजून इचार करतो मी. माजं पाय कुटं चुकलं, त्ये काय उमजत न्हाई. तुमाला दिसलं हुतं. सांगा की."

मातीत त्याच्या पावलांचे ठसे उमटले होते. सरळ, स्वच्छ. खोटं बोलत नव्हते. वस्ताद आता नव्हते, सातारचा तो कोच नव्हता, पायऱ्यांवर हसणारे लोक नव्हते. शिट्टी गळ्यात नव्हती. एका वाक्याचं काम होतं.

"डावा," मी म्हणालो. "डावा जरा उशिरा उचललास."

त्यानं आपल्या डाव्या पायाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. "व्हय," म्हणाला. "तसंच आसंल. वस्ताद काय खोटं बोलायचं न्हाईत." त्याचा चेहरा सुटला, काहीतरी एकदाचं मिटल्यासारखा. मग तो पुन्हा वाकून मांडवाखाली गेला आणि माझ्यासाठी दोन चांगले घड तोडून घेऊन आला. मी ते घेतले.